नववा भाग दोघांत सामाईक

मी, धाकलू राघो पष्टे, वय चौऱ्याहत्तर, धंदा भातशेती, मुक्काम म्हसा, तालुका मुरबाड, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहितो. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. छातीत धडधडते, पण ते लहानपणापासूनच.

१. राहते घर व ओढ्याकडचे शेत मुलगा अक्षय यास. पावसाआधी कौले शाकारावीत. मी ओरडल्याशिवाय तो वर बघत नाही, याची काळजी वाटते.

२. माझी पत्नी कै. देवकी हिच्या सोन्याच्या कुड्या मुलगी दीपिका हिस. आईच्या दिवसकार्यात याच कुड्यांवरून बहीणभावाचे बोलणे तुटले. आता लेखी दिल्या. वाद संपला असे समजावे.

३. पहार व शिडी अक्षयला. शिडी शेजारच्या भगीरथकडे आहे. तो देणार नाही, तरी मागावी.

४. टीव्हीबाबत जरा लिहावे लागेल. म्हशाच्या जत्रेत व्हिडिओच्या तंबूत मुखवटेवाल्या खुन्याचा सिनेमा लागायचा. दर एकदोन वर्षांनी नवा भाग. आम्ही चौघे जायचो. मी भित्रा, डोळे मिटून बसायचो. खुनी सावकाश चालायचा, तरी पळणारीला गाठायचा. अक्षय ओरडायचा, "याला एसटी लागत नाय, तरी आपल्या आदी मुरबाडला पोचल!" दीपिका म्हणायची, "पलू नको गो बाय, त्याला बसाला पाट दे!" शेवटी त्याला जाळायचे, बुडवायचे, तरी पुढच्या भागात हा पुन्हा हजर. देवकी म्हणायची, "मेल्याचा दहावा तरी किती वेला घालाचा?" सगळा तंबू हसायचा. असे आठ भाग झाले. मी पाहिला एकही नाही, हसणे तेवढे ऐकले.

आता नववा आला आहे. अक्षयने टीव्हीवर लावून दिला आणि कामावर गेला. मी सवयीने डोळे मिटले. नुसत्या किंकाळ्या ऐकू आल्या. बंद केला.

५. म्हणून टीव्ही व नववा भाग अक्षय आणि दीपिका या दोघांत सामाईक. एकट्याने बघू नये. पुढे दहावा निघाल्यास तोही याच अटीवर.

६. वकील सांगतात, मृत्युपत्र माणूस गेल्यावरच लागू होते. बाकीची कलमे तशीच राहोत. कलम पाच येत्या रविवारपासून लागू. याच्या प्रती आजच दोघांना पाठवल्या आहेत. दीपिकाने भातसानगरहून निघून शहापूरला सकाळची एसटी धरावी. अक्षयने तिला घ्यायला मुरबाड स्टँडवर जावे. वाटेत बोलले नाहीत तरी चालेल. टीव्हीपुढे मी मध्ये बसेन.

लिहून देणार : धाकलू राघो पष्टे (सही)
साक्षीदार : अनंता बारकू घुडे (सही), सरिता अनंता घुडे (सही)
मु. म्हसा, बुधवार, २१ फेब्रुवारी २०२४