अण्णांनी वाटलेली ताटं

२८ डिसेंबर

प्रिय वृषे,

आमचा नाताळ झाला. छान झाला असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते, पण तुझ्यापाशी कशाला सोंग करू? इथं मलावीत डिसेंबर म्हणजे पाऊस आणि उकाडा. दवाखान्याच्या आवारातला गुलमोहर ऐन नाताळात फुलतो. आपल्याकडं गुलमोहर फुलला की परीक्षा संपायच्या, त्यामुळं पाचवा नाताळ आला तरी माझ्या जिवाला हा सण पटतच नाही. थंडी नाही, शेकोटी नाही, पहाटे कांदा लावायला निघालेल्या बायांचा गलका नाही. उसाकडनं जाऊ नको, बिबट्या आहे म्हणून ओरडणारंही कोणी नाही. चर्चमध्ये चार तास ढोल वाजले, बाया नाचल्या, मलाही ओढलं. मोहितचं प्रवचन चांगलं झालं. घरी येऊन मी करंज्या तळल्या. सुकं खोबरं मिळालं नाही म्हणून शेंगदाण्याचं कूट भरलं. शेजारणींनी मिटक्या मारत खाल्ल्या आणि मी मोरीत जाऊन रडून घेतलं.

टेबलावर मिशनचा कागद पडलाय. मार्चमध्ये आमची पाच वर्षं भरतात. आणखी पाच वर्षं राहणार का, ते एकतीस तारखेच्या आत सही करून कळवायचंय. अण्णांना विचारलं, तर त्यांनी मला वर्गात उभं केल्यासारखं झापलं. म्हणाले, "प्रभूचं काम अर्धं टाकून बापाचे पाय चेपायला येऊ नकोस. माझं उत्तम चाललंय. सही कर." चौऱ्याहत्तर वर्षांचा एकटा माणूस आणि उत्तम चाललंय म्हणे! मोहितला विचारलं, तर तुझे वडील आहेत, तू ठरव, एवढंच म्हणतो. त्याचा हा समजूतदारपणा कधीकधी डोक्यात जातो माझ्या.

नाताळ आला की मला आपल्या निमगावातली ती वेताची पाटी आठवते. अख्ख्या गावात आमचं एकच ख्रिस्ती घर. दिवाळीला आळीतली पंधरा-सोळा फराळाची ताटं आमच्याकडं यायची. रिकामं ताट परत करायचं नाही म्हणून आई ती घासूनपुसून पाटीत रचून ठेवायची, आणि नाताळच्या सकाळी करंज्या-शंकरपाळ्यांनी भरून अण्णा ती घरोघर पोचवायचे. मागं आपण दोघी, नाकात शेंबूड आणि हातात ताट. प्रत्येक दारात अण्णा थांबवायचे. काठावर कोरलेलं नाव वाच, मगच आत जा. दादाभाऊंच्या ताटावर त्यांच्या सासऱ्यांचं नाव 'यांच्या स्मरणार्थ'सकट होतं. त्या जोडाक्षरापाशी तू दर वर्षी अडायचीस आणि दर वर्षी अण्णांचा टपला खायचीस. शाळेत पाटीवर शिकलो नसू, एवढं आपण ताटांवर वाचायला शिकलो.

तुला गावातच दिली म्हणून ती रीत अजून चालू आहे, हे मला ठाऊक आहे. आई गेल्यावर तू आणि सखूबाई आमच्या चुलीपुढं बसून येशूच्या जन्माच्या करंज्या करता आणि तळताना विठ्ठलाचं नाव घेता, ही बातमी मी इथं सगळ्यांना सांगते. त्यांना काही कळत नाही, पण ते हसतात.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर अण्णांनी प्रभूच्या जन्माचा अध्याय वाचला. दर वर्षी वाचतात. मांडीवर ते मोठ्या अक्षरांचं पवित्र शास्त्र, नाकावर चष्मा, आवाज खणखणीत. एक शब्द चुकला नाही. आमच्या समृद्धीला मी मराठी वाचायला शिकवतेय, ती आमच्या प्रतीत बोट ठेवून त्यांच्याबरोबर चालली होती. कॉल संपल्यावर म्हणाली, "आई, आजोबांनी पान उलटलंच नाही." मी म्हटलं, अगं, पाठ आहे त्यांना, साठ वर्षं वाचतायत. आणि कामाला लागले.

मग तुझा निरोप आला. मी तो दहा वेळा ऐकलाय. "उज्जे, आज लई मज्जा झाली बघ. गुरुजींनी समदी ताटं भलत्याच घरी दिली. दादाभाऊंचं ताट सखूबाईकडं, सखूबाईचं आमच्याकडं. बांधावरनं सात वर्सं बोलत नव्हती ती दोगं, आज ताटापायी बोलली!" मागं सगळी हसत होती. तूही हसत होतीस. पण शेवटी तू म्हणालीस, "नावं व्हती गं ताटांवर. तरी बी."

वृषे, मी नाही हसले. ज्या माणसानं आपल्याला ती नावं वाचायला शिकवली, तो ताटं चुकला. मग मला एकेक आठवायला लागलं. गेलं वर्षभर ते व्हिडिओ कॉलवर मला बारीक झालीस गं म्हणतायत, आणि मी आठ किलोंनी वाढलेय. मागं समृद्धीनं त्यांना चित्र काढून पाठवलं, तर नुसतं सुंदर म्हणाले. हत्ती की घर ते नाही बोलले. आणि मी कोण? डोळ्यांच्या वॉर्डातली सिस्टर. रोज तीस-चाळीस जणांच्या डोळ्यांत बॅटरी मारते, पट्टी सोडून हाताची बोटं किती ते विचारते. चार दिवसांची वाट तुडवून आलेल्या म्हाताऱ्यांना दिसायला लागलं की ते माझे हात धरतात. आणि माझा बाप तिकडं अंधारात चाचपडतोय. शरम वाटते गं मला.

आईच्या वेळीही अण्णांनी असंच केलं होतं. साधा खोकला आहे, येऊ नकोस, तिकडचं काम बघ. मी पोचले ती चौथ्या दिवशी, मातीवर फुलं सुकल्यावर. तुला सगळं माहीत होतं आणि अण्णांनी तुझ्याकडून शब्द घेतला होता म्हणून तू गप्प राहिलीस. त्यावरून मी तुला काय काय बोलले! वर्षभर तुझा फोन घेतला नाही. ते माझं चुकलं. तोंडावर कधी म्हणाले नाही, आज लिहिते.

या वेळीही त्यांनी तुझ्याकडून शब्द घेतलाय, हो ना? आणि तू तो मोडला नाहीस. ताटांची गंमत तेवढी सांगितलीस. गुणाची गं माझी बाई.

मी कागदावर सही केली नाही. मोहितला सांगितलं, तर म्हणाला, तू समृद्धीला घेऊन पुढं हो, मी मार्चला येतो. एकोणीस जानेवारीला आम्ही दोघी निमगावात असू. पण तोवर थांबू नकोस. दाजींना गाडी काढायला सांग आणि अण्णांना मंचरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं ने. मोतीबिंदू असेल तर अर्ध्या तासाचं काम आहे. काचबिंदू असेल तर गेलेलं परत येत नाही, पण उरलेलं वाचवता येतं, आणि त्यात एकेक आठवडा मोलाचा असतो. तुझी नजर तपासायचीय, सोबतीला चला म्हण, म्हणजे ते नाही म्हणणार नाहीत. मी येतेय हे मात्र त्यांना कळू देऊ नकोस. कळलं, तर ते मिशनच्या साहेबांना फोन करून माझी सही करवून घेतील. त्यांनी मला थोपवायच्या आत मला त्यांच्यासमोर उभं राहायचंय. अजून थोडं दिसत असेल, तर त्या थोड्यात मी त्यांना दिसायला हवी. समृद्धी दिसायला हवी.

फोन केला नाही, मेसेजही केला नाही, कारण तुझा फोन म्हणजे आळीची चावडी. माझा शब्द आला की दाजी तो ओट्यावर अण्णांना मोठ्यानं वाचून दाखवतात. म्हणून पुण्याला निघालेल्या एका सिस्टरच्या हाती हा कागद देतेय, ती तिथून तुझ्या नावानं टाकील. एकेकाळी आळीत कोणाचंही पत्र आलं की ते आधी अण्णांच्या हातात जायचं, वाचून दाखवायला. हे तू खुशाल त्यांच्या शेजारी बसून वाच. त्यांनी विचारलं, काय आलंय गं, तर लाइटबिल आलंय म्हण.

तुझीच,
उज्जी