तळाचा गारवा

मोताळा. मे महिना, रविवार, संध्याकाळ.

उन्हाळ्यात तलावात उभे राहिले की छातीपाशी पाणी कोमट आणि पायांशी गार का लागते? तापलेले पाणी हलके होऊन वर राहते, जड गार पाणी तळाशी. दुपारी मासे त्याच गार थरात आसरा घेतात. किती सुंदर व्यवस्था! आज मात्र मी तळाशी सोडलेला तापमापक वरच्याइतकाच आकडा दाखवत होता. पुन्हा तपासला. बिघाड नाही. काठावरच्या मोटारींनी इतके पाणी उपसले की तलाव उथळ झाला, गार थरच उरला नाही.

तलावात मत्स्यबीज सोडणारे रामभाऊ हसले. "मॅडम, तुमच्या यंत्रालेच ताप आला असन!"

मी समजावून सांगितले, तेव्हा हसू मावळले. "आता काढली त बोटभर मासोई इकत कोन घेईन? अन् ठेवली त?"

"ठेवली तर पावसाआधीच मरेल, रामभाऊ."

तलाव किती तापेल याचे माझे संगणकावरचे गणितही तेच सांगते. मोटारी थांबणार नाहीत. आणि तळाचा तो आकडा... चुकीचा असता तर किती बरे झाले असते!

कुणाला पटत नसेल, तर उन्हात एक भरलेली बादली आणि एक उथळ घमेले ठेवावे. दुपारी दोन्हींच्या तळाला बोट लावून पाहावे. घमेल्यात गारवा शोधूनही सापडणार नाही.