हे फाइलीत लिहा

६ जून २०२५, शुक्रवार

पॅरासिटामॉल! तिसऱ्यांदा!

दहा मिनिटांची अपॉइंटमेंट. त्यातली चार मिनिटं हुइसआर्ट्सबाई, म्हणजे आमच्या इथल्या डच फॅमिली डॉक्टर, स्क्रीनकडेच बघत होत्या. मग इरावतीचा गुडघा दाबला, पाय वाकवून पाहिला आणि निकाल दिला — वाढीचं वय आहे, हाडं दुखतातच, झोपताना एक गोळी द्या. नऊ वर्षांची पोर दर बुधवारी पोहून आल्यावर जिना चढू शकत नाही, आणि म्हणे वाढीचं वय! मी विचारलं, वाढीच्या वयात डोळे पिवळे होतात का? म्हणाल्या, "इथल्या लाइटमुळे तसं दिसतं." आणि हसल्या. गोड हसतात. त्या हसण्याचाच मला जास्त राग येतो.

चूक माझीही आहे. पोहण्याच्या शिक्षकानं सांगितलं की ती टाळाटाळ करते, तर मी त्याचं ऐकलं! वर्गातल्या सगळ्यांचा बी डिप्लोमा झाला, हिचाच राहिला म्हणून मी तिला ओरडले — नाटकं बंद कर, उतर पाण्यात. ती निमूट उतरली. पाणी किती गार असतं ते मी हात घालूनसुद्धा पाहिलं नव्हतं.

८ जून, रविवार

सुश्रुत म्हणतो, "थोडं थांबू या. डॉक्टर काय वेडी आहे का?" नवऱ्याचा हा जुनाच स्वभाव. स्लोटरडाइकच्या ऑफिसात सर्व्हर बंद पडला की दहा जणांना फोन करील, घरात पोरगी लंगडली की थांबू या.

मी नाही थांबणार.

१२ जून, गुरुवार

बुर्टहाउसमध्ये डच बोलायच्या तासाला गेले होते. आमच्या फोरबर्गमध्ये हे समाजमंदिरच आहे एक — चहा, विणकाम, भाषा, सगळं तिथंच. शाळेला सुट्टी होती म्हणून इरावती सोबत. आज हॉलभर पताका. एक जुलैला केटी कोटी — सुरिनामच्या लोकांचा सण, गुलामगिरी संपली तो दिवस. नावाचा अर्थच बेड्या तुटल्या.

एक उंच बाई खुर्चीवर चढून पोस्टर लावत होत्या. टान्टे म्युरिएल. इथं सगळे त्यांना मावशीच म्हणतात. छत्तीस वर्षं नर्स होत्या, आता रिटायर. पोस्टर असं — नाच, जेवण, ढोल, आणि खाली तेवढ्याच मोठ्या अक्षरात: ब्लडप्रेशर, शुगर, सिकलसेल, अख्ख्या कुटुंबासाठी टेबल. मी म्हटलं, सणात तपासणी? तर म्हणाल्या, "सणालाच सगळं घरदार एका जागी सापडतं. एरवी पुरुष येतात का?"

मला हसूच आलं. नागपूरला चौदा एप्रिलला आम्ही दुसरं काय करतो? मिरवणूक एकीकडे, रक्तदान शिबिर दुसरीकडे. बाबा तर गळ्यात निळा रुमाल तसाच ठेवून रक्त द्यायला झोपायचे.

मग त्यांचं लक्ष इरावतीकडे गेलं. ती गुडघा धरून बसली होती. खुर्चीवरून उतरल्या, तिची खालची पापणी ओढून बघितली, तळवे बघितले. लाइटबिइटचं काही बोलल्या नाहीत.

"हिची सिकलसेलची तपासणी झाली आहे?"

इथं जन्मलेल्या बाळांच्या टाचेतून रक्त घेतात, तेव्हाच कळतं म्हणे. इरावती जन्मली नागपुरात. आम्ही आलो ती तीन वर्षांची असताना.

रक्ताच्या या आजाराचं नाव मी आधी ऐकलं होतं. उमरेडच्या कॉलेजात सेकंड इयरला शिबिर झालं होतं. रांगेत उभं करून बोटाला सुई टोचली होती, नंतर प्रत्येकीला निकालाचं कार्ड मिळालं. माझ्या कार्डाचं काय झालं? आईनं कुठं ठेवलं असेल, कोण जाणे. मला काही आठवत नाही.

१३ जून, शुक्रवार

डॉक्टरांना फोन केला. "सिकलसेल? ते आफ्रिकन वंशाच्या लोकांत असतं. तुम्ही तर भारतीय."

सुश्रुतचंही तेच! "ते काळ्या लोकांचं असतं गं." मी म्हटलं, तुझं भंडारा जिल्ह्यातलं गाव विसरलास का? तिथं शाळेशाळेतून तपासण्या झाल्या, त्या कुणाच्या झाल्या? तर म्हणे, "आपल्या घरात कुणाला नाही."

टान्टे म्युरिएलना सांगितलं. त्या खो-खो हसल्या. "डॉक्टरणीला वाढदिवसाला नकाशा दे." मग हसू थांबवून एका कागदावर मोठ्या अक्षरात डचमधलं एक वाक्य लिहून दिलं. माझ्याकडून दहा वेळा म्हणून घेतलं. अर्थ असा — तुम्ही ही तपासणी नाकारताय, हे फाइलीत लिहा आणि मला त्याची प्रत द्या.

"ओरडायचं नाही. रडायचंही नाही. फक्त हे म्हणायचं आणि खुर्चीतून उठायचं नाही."

१६ जून, सोमवार

म्हटलं! उठले नाही!

बाईंनी आधी पुन्हा गोड हसून पाहिलं. मी पुन्हा तेच वाक्य. त्या म्हणाल्या, काळजी समजते हो मला. मी पुन्हा तेच. घड्याळाकडे बघितलं त्यांनी. मी पर्स मांडीवर नीट ठेवली, जशी काही मुक्कामालाच आले आहे. आणि प्रिंटर वाजला! रक्ततपासणीचा फॉर्म!

बाहेर येऊन सायकलच्या कुलपाला घराचीच किल्ली लावत बसले. पण काय मजा आली! सहा वर्षं या देशात "सॉरी, सॉरी" करत काढली मी.

इरावतीनं रस्त्यात विचारलं, "मामा, वास ये बोस?" म्हणजे, आई, रागावली होतीस का. म्हटलं, हो. तुझ्यावर नाही. आणि पोहायला जायचं नाही आता, डिप्लोमा गेला उडत.

२३ जून, सोमवार

सिकलसेल आहे. वाहक नाही. आजारच.

हुइसआर्ट्सबाईंनी स्वतः फोन केला. "आय ॲम सॉरी" म्हणाल्या, या वेळी हसल्या नाहीत. आजच हॉस्पिटलात लहान मुलांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. ते तरुण आहेत, सरळ बोलतात. औषध आहे. लसी आहेत. भरपूर पाणी, थंडी टाळायची, ताप आला की थेट त्यांच्याकडे. "उशीर झाला, पण फार नाही," म्हणाले. मग आमच्या दोघांकडे पेन फिरवून — "हे आई आणि वडील, दोघांकडून येतं. एकाकडून नाही. तुम्ही दोघंही वाहक; तुम्हाला त्रास नाही, मुलीला होतो."

सुश्रुत पांढराफटक.

पार्किंगमध्ये मी रडले. अर्धा तास! टान्टे म्युरिएलना रडायचं नाही म्हणायला काय जातं.

२४ जून, मंगळवार

सुश्रुतनं आईला फोन लावला. स्पीकरवर.

त्याचा मोठा भाऊ विनायक. एकोणिसाव्या वर्षी गेला, कावीळ झाली होती — लग्नापासून मी हेच ऐकत आले. सुश्रुत तेव्हा बारा वर्षांचा, त्यालाही हेच सांगितलेलं. आज सासूबाई हळूच म्हणाल्या, "कावीळ नव्हती रे. सिकलसेल होता त्याला."

सुश्रुतनं फोन टेबलावर ठेवला आणि उठून बाल्कनीत गेला. मी नाही गेले. मी बोलले. जे तोंडाला आलं ते! तुम्ही लपवलंत. एक मूल गमावून बसलात आणि दुसऱ्याचं लग्न आंधळेपणानं लावलंत. एकदा रक्त तपासलं असतं तर माझ्या लेकीच्या वाट्याला हे आलं नसतं.

सासूबाई एरवी माझ्यापुढे कधी गप्प बसत नाहीत. आज सगळं ऐकून घेतलं. शेवटी एवढंच — "सांगितलं असतं तर तू केलं असतंस लग्न?"

मी फोन कट केला.

२५ जून, बुधवार

आईला सांगितलं. विचारलं, माझं कार्ड कुठं आहे?

आधी ती इरावतीच्या जेवणाचंच विचारत बसली. मग म्हणाली, "जाऊ दे वं ते आता. माह्यंच चुकलं असं सांग सगळ्यायले. पोरीले पाणी पाजत जा."

मग सांगितलंच मी. सुश्रुतला म्हटलं, माझ्या आईनंही लपवलं. दोन्ही घरं सारखीच. तो म्हणाला, "तुझी तरी काय चूक!" आणि माझा हात धरला. बारा वर्षांत इतका घट्ट धरला नव्हता.

१ जुलै, मंगळवार

केटी कोटी!

ऊन भयंकर. इरावतीच्या हातात पाण्याची बाटली, दर पंधरा मिनिटांनी घोट. टान्टे म्युरिएल घेरदार झगा, त्यांचा कोटो, घातलेल्या, डोक्याला कडक खळ घातलेला रुमाल, त्याची तिन्ही टोकं ताठ उभी. या रुमालांच्या बांधण्याला अर्थ असतात. मी विचारलं, याचा काय? "लोकांना बोलू देत!" म्हणाल्या. गुलामगिरीत मालकिणीसमोर तोंड उघडायची सोय नव्हती, म्हणून बायका डोक्यावर बांधून बोलायच्या. मला फारच आवडलं हे. मलाही बांधून दिला एक, निळा.

जेवायला हेरी हेरी — उकडलेला कसावा, केळी, खारवलेला मासा. सुश्रुतनं दोनदा घेतला. आणि ब्लडप्रेशरच्या टेबलाशी स्वतःहून रांगेत उभा राहिला!

दुपारी टान्टे म्युरिएल माइकवर बोलल्या. १८६३ला कायद्यानं सुटका झाली, पण पुढे दहा वर्षं त्याच मळ्यांवर राबावं लागलं. कागदावरचं अंगापर्यंत यायला वेळ लागतो, म्हणाल्या. मग आवाज न बदलता — त्यांच्या बहिणीची मुलगी जॉयस, चौदाव्या वर्षी सिकलसेलनं गेली. घरात सगळ्यांना माहीत होतं रक्तात काय आहे ते. बोललं कुणीच नाही. "ही बेडी आम्हाला कुणी घातली नव्हती. ही आमची आम्ही घातली." मग ढोल सुरू झाले आणि म्हाताऱ्या बायका उठून नाचायला लागल्या. इरावतीही. दोन मिनिटंच, पण नाचली!

असं टेबल मराठी मंडळात लावायचंच. ठरलं.

५ जुलै, शनिवार

मंडळाची गणपतीची मीटिंग. सहा वर्षं मी या मंडळात मोदक वळते. सहा वर्षं आडनाव सांगितलं की पुढचा प्रश्न येतो — "म्हणजे मूळचे कुठले?" — आणि मी "नागपूर साइड" म्हणून वाटी पुढे सरकवते.

आज हात वर केला. आरतीनंतर एक टेबल, ब्लडप्रेशर, शुगर, सिकलसेल. नर्स मी आणते. आपल्या विदर्भातली, खानदेशातली कितीतरी मुलं शिकायला येतात इथं, पार एनस्खेडेपर्यंत. त्यांना कोण सांगणार?

नीलांबरीताई सेक्रेटरी. "कल्पना छान आहे, पण सिकलसेल वगैरे आपल्यात कुठे असतं? ते तिकडच्या लोकांत."

"तिकडच्या म्हणजे?"

"अगं म्हणजे... तुला कळतंय मला काय म्हणायचंय ते."

कळतंय. सहा वर्षं कळतंय!

उभी राहिले. म्हटलं, मी तिकडचीच, ताई. जयंतीला निळा झेंडा घेऊन निघणाऱ्या घरातली. तुमचे मोदक वळणारी. माझ्या मुलीला सिकलसेल आहे. आम्ही दोघं वाहक आहोत, आमच्या दोघांच्या घरच्यांनी ते लपवलं, आणि त्याचं दुखणं ती भोगते आहे. टेबल नको असेल तर नको. पण मंडळानं नाकारलं हे मिनिट्समध्ये लिहा आणि मला प्रत द्या.

आणि खाली बसले! नीलांबरीताईंचा चेहरा! कुणीतरी मागून म्हणालं, "लावा हो टेबल." मग आणखी दोघं. सुश्रुतनं सगळ्यांसमोर "जय भीम" म्हटलं — सुश्रुतनं! टेबल मंजूर.

बाहेर सायकलपाशी एक मुलगा वाट बघत थांबला होता. आशुतोष. आइंडहोव्हनला चिपच्या कंपनीत इंजिनिअर. "ताई, मी गडचिरोलीचा. माझं कार्ड आहे, वाहकाचं. पुढच्या वर्षी लग्न ठरतंय. तिला अजून सांगितलं नाही." मी म्हटलं, आज सांग. आत्ता फोन लाव. त्याच्या डोळ्यांत पाणी. म्हणाला, "तुम्ही किती धीट आहात, ताई. मला नाही जमत."

त्यानं खरंच फोन काढला हातात. माझ्याकडे बघत.

६ जुलै, रविवार. सकाळ

माझं वाहकाचं कार्ड आईनं लपवलं नव्हतं. मी फाडलं.

मार्च २०१३. सुश्रुतकडचे लोक बघायला येणार होते त्या सकाळी. आई म्हणत होती, "दाखव त्यायले, मंग पुढचं पाहू." मी मोरीत जाऊन चार तुकडे केले आणि पाणी ओतलं. मला तो आवडला होता. म्हटलं, तो नाही म्हणाला तर? आईनं आजतागायत कुणाला सांगितलं नाही. त्या दिवशी फोनवर तर स्वतःवर घेतलं.

बारा वर्षं मी मलाही आठवू दिलं नाही. या वहीतसुद्धा खोटं लिहिलं.

स्वयंपाकघरात सुश्रुत चहा करतोय, इरावती बाटली भरतेय. कप घेऊन तो इथंच येऊन बसेल, माझ्या शेजारी. वही मी मिटणार नाही.