तुझ्या पंज्याएवढं पापलेट

आई,

आज माहीमच्या कोळीवाड्यातून पापलेट आणलंय. कापायच्या आधी त्याच्यावर पंजा ठेवून बघितला, तर शेपटी माझ्या बोटांच्या चांगली पुढे गेली, आणि मी स्वयंपाकघरात एकटीनेच टाळ्या पिटल्या. तुला जाऊन वीस वर्षं झाली, पण ही बातमी दुसऱ्या कोणाला सांगू?

परळच्या आपल्या खोलीत तुझा एक कायदा होता. मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत जे पापलेट पुरत नाही, ते घरात येणार नाही. मी नऊ वर्षांची असताना तू मला पहिल्यांदा एकटीला बाजारात धाडलंस आणि मी ऐटीत पाच पापलेटं घेऊन आले. तू पिशवी उघडतेस आणि तुझ्या भुवया वर जातात. "ह्यां काय हाडलंस गो? पोरां ती! त्यांका वाढाक नको?" मी ठणकावून सांगते, "मापून आणलीत! माझा हात लावून!" तू माझा पंजा तुझ्या पंज्याला लावतेस. माझी बोटं तुझ्या अर्ध्या बोटांपाशीच संपतात. मग तू अशी हसलीस की शेजारच्या काकू बघायला आल्या. ती पापलेटं काही आता समुद्रात परत जाणार नव्हती, म्हणून तळलीस. पण दुसऱ्या दिवशी जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यावर हात ठेवून पेन्सिल फिरवलीस आणि तो कातरून मला दिलास. पुढे कितीतरी वर्षं मी आईचा हात पिशवीत घालून बाजारात जायचे. कोळणी हसायच्या आणि मोठं पापलेट काढून द्यायच्या.

पुढे मी नोकरीही मासे मापायचीच धरली. धक्क्यावर जायचं, लांबी लिहायची, पोटात अंडी आहेत का बघायचं. एवढं शिकून कळलं ते तुझंच. मादीला एकदा तरी अंडी घालू द्यावी, मग धरावी. समुद्रात पेरणी मासाच करतो. दोन वर्षांपूर्वी जाळ्याची भोकं मोठी ठेवा, बारकी मासळी निसटू द्या, असं मी कोळीवाड्यात तक्ते दाखवून सांगत होते, तर एक म्हातारी मावशी उखडली. "बारकी सोडून खाऊ काय, बाय? तुझे तक्ते?" मग पर्समधून तुझा पुठ्ठ्याचा हात काढला आणि ही गोष्ट सांगितली. मावशीने आपला हात त्यावर ठेवून बघितला. "आयशीचा हात बरोबर हाय तुझ्या," म्हणाली. तिच्या मुलाने जाळं बदललं, मग शेजारच्यांनीही. पहिल्या हंगामात मासळी कमी आली. माझ्या शब्दावर त्यांनी हातचं सोडलं होतं. आणि आज मावशीनेच फोन करून बोलावलं. पाटीभर पापलेटं, एकेक हाताबाहेरचं! हे जाळ्यामुळेच झालं असं मी लिहून देणार नाही, पावसावाऱ्याचाही वाटा असतो. मावशीला तसं म्हटलंही, पण ती ऐकेना. खरं सांगते, मीही फार ताणलं नाही. फार आनंद झाला होता गं.

हा कागद पुठ्ठ्याच्या हाताबरोबर डब्यात ठेवणार आहे. एक सांगायचं तेवढं राहिलं. त्या पाच पापलेटांच्या दिवशी मी हात लावून मापलंच नव्हतं. तुझा पंजा केवढा, ते मला पक्कं माहीत होतं. बारकी पापलेटं काट्यासकट कुरकुरीत लागतात म्हणून मुद्दाम आणली, आणि तू ओरडशील म्हणून थाप मारली. मावशीला आज हे सांगवलं नाही. तू असतीस तर तुलाही सांगितलं नसतं.