चाकापुढचं लिंबू

आर्वी, २ डिसेंबर १९५७

रोहण्याची माणसं आज पुन्हा ताटकळली. दिवसभर कापूस वेचून आलेली! सगळ्यांची एकच तक्रार — भाषण करणारा, म्हणजे मी, वेळेवर येत नाही. रास्त आहे. पण रस्ताभर कापसाच्या बैलबंड्या, आणि ब्रेक दाबला की मोटार डावीकडे ओढते. बैलांच्या मागे रांगत गेलो.

प्रेमदास मिस्त्री म्हणतो, "बाबारावजी, पाच दिवस गाडी मले द्या. हे तारेचे ब्रेक काढून तेलाचे बसवून देतो. नाईतर एखाद्या दिवशी माणूस जाईन."

पाच दिवस! आठवड्यात सहा सभा आहेत.

३ डिसेंबर

प्रेमदासची बायको पंचफुला विचारते, सगळ्यांसारखे सर्व्हिस मोटारीनं काऊन जात नाई? कारण इथे लिहितो.

ज्या मालगुजाराच्या दारावरून माझा बाप चपला हातात घेऊन जायचा, त्याच्या लेकाकडून विकत घेतलेली ही शर्यतीची मोटार. लाल, उघडी, दोघांपुरती. वीस वर्षांची म्हातारी. ती वस्तीत शिरली की माझं निम्मं भाषण झालेलं असतं. उरलेल्या निम्म्यालाही आता घसा पुरत नाही.

५ डिसेंबर

मोटार मिस्त्रीला दिली एकदाची. चालून पाय दुखतात.

९ डिसेंबर

मिस्त्रीच्या आवारात गेलो, तर मोटारीच्या पुढच्या चाकापुढे लिंबू! धम्माची दीक्षा घेऊन वर्ष झालं, नवस सोडले, देव्हारे सोडले — आणि माझ्याच मोटारीपुढे हे!

संध्याकाळी चौकातल्या सभेत नाव घेऊन बोललो. "ब्रेक पान्यानं बसतात की लिंबानं, विचारा आपल्या प्रेमदासला!" माणसं पोट धरून हसली. प्रेमदास मागे उभा होता. हात काळे, मान खाली. टाळ्या पुष्कळ पडल्या.

११ डिसेंबर

किल्ली घेऊन पंचफुला आली. तो आला नाही.

"पूजेचं लिंबू चाकाखाली फुटते, बाबारावजी. ते साबूत होतं. पाह्यलं का तुमी?"

नव्हतं पाहिलं.

मग तिनं सांगितलं. लांबून मोटार जोरात आणायची, ठरलेल्या रेघेवर ब्रेक मारायचा, लिंबाच्या अलीकडे थांबली तर काम पक्कं. "वीट ठेवली अन् चुकलं, तर टायर जाईन. तसला टायर कोठी भेटते? लिंबू फुटलं तर सरबत करतो."

ब्रेकच्या नळीत हवा राहत होती; पुन्हा पुन्हा काढली. एकोणीस लिंबं फुटली म्हणे.

मी पाहिलं ते विसावं.

जाता जाता म्हणाली, "एवढे पुस्तकं वाचता. एक डाव त्याईले इचारून पाह्यचं होतं."

१२ डिसेंबर

रोहणा. वेळेवर पोचलो! वस्तीच्या तोंडाशी एका बंडीमागून म्हातारी तानाबाई हार घेऊन एकदम आडवी आली. पाय दाबला. मोटार सरळ उभी राहिली — डावीकडे बोटभर नाही. म्हातारीचं लुगडं आणि मोटार यांत हातभर अंतर.

"गाडीखाली घेतं का रे मले? का आता म्हाताऱ्याइले भाषण आयकू नाई देत?" सगळे हसले. हार तिनं मोटारीलाच घातला. ज्यानं ब्रेक बसवले त्याचा तो हार; तो तिथे नव्हता.

दीड तास बोललो. विवेकावर! प्रेमदासचं नाव जिभेवर आलं होतं. घसा बसलाय, असं स्वतःला सांगून खाली उतरलो.

माझा घसा आजवर दुसऱ्याची चूक पुकारताना कधी बसला नाही.

१४ डिसेंबर

आज आर्वीच्या त्याच चौकात सभा. हसलेले सगळे येतील. भाषण लिहिलेलं नाही. वाक्य एकच आहे, मग मी खाली, माणसांत बसणार —

"प्रेमदासजी, वर या, आणि त्या दिवशी मी काय पाहिलं नाही ते या सगळ्यांना सांगा."