शके ९७६ चे रुखवत

पालघर, १४ एप्रिल १९६६

चि. सौ. मंदास, पायाने पंगू परंतु लेखणीने अद्याप चालत्या बंधूचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पावले. इतिहासाच्या शिक्षकाने माळ्यावरून जगाचा इतिहास काढताना शिडीवरून पतन पावावे, ही घटना नोंदण्याजोगी आहे. पाय प्लास्टरमध्ये असून डॉक्टरांनी सहा आठवडे आसनस्थ राहण्याची आज्ञा केली आहे. तस्मात् सुलूच्या विवाहास मातुलाची उपस्थिती केवळ शब्दरूप राहील.

सुलूच्या भावी सासूबाई रत्नाबाई यांनी, बुकं वाचणाऱ्या पोरीला करंजी तरी वळता येते काय, अशी पृच्छा करून लग्नानंतर तिने बोईसरच्या शाळेतील शिक्षिकेची नोकरी सोडावी असे सुचवले, आणि तेव्हापासून सुलू धड जेवत नाही, असे तू लिहितेस. यावर उपाय एकच. रुखवतात तिने एक संपूर्ण वर्ष मांडावे: शके ९७६, अर्थात इसवी सन १०५४.

त्या वर्षी चीनमध्ये भरदिवसा दिसणारा नवा तारा प्रकटला. त्याचे तेजोवलय चिरोट्यांचे. कॉन्स्टँटिनोपलच्या महामंदिरात रोमच्या दूतांनी बहिष्कारपत्र ठेवले आणि ख्रिस्ती धर्म दुभंगला; त्यासाठी मधोमध चिरलेली भली मोठी करंजी. दक्षिणेत कोप्पमच्या रणात चोळ राजा हत्तीवरच पडला आणि धाकट्या भावाने तिथेच मुकुट घातला, हत्ती रव्याचा. काही पंडित ही लढाई दोन वर्षे मागे ओढतात. त्यांना लग्नाचे आमंत्रण देऊ नये.

चौथे ताट आपल्या तारापूर किनाऱ्याचे. ठाण्यास शिलाहार राज्य करीत होते, परंतु त्या वर्षी तारापुरात काय घडले याची एक ओळही माझ्या कपाटात नाही. ते ताट रिकामे ठेवून ‘नोंद उपलब्ध नाही’ अशी चिठ्ठी लावावी. विद्येस थाप मारता येत नाही.

प्रेमाचा ओघ वाहता ठेव, जमल्यास चिकूंचाही.

तुझा दिनानाथदादा

बोईसर, १९ एप्रिल

ती. दादांच्या प्लास्टर नसलेल्या चरणी मंदाचा नमस्कार.

तुमची योजना वाचून सुलू कितीतरी दिवसांनी हसली आणि पोटभर जेवली. हत्तीला लवंगांचे डोळे लावले आहेत. सोंड मात्र टिकत नाही. शेजारच्या साखरबाई तळायला येतात. हा चोळ राजा मुलाकडचा की आपल्याकडचा, असे त्यांनी काल विचारले.

पण दादा, रुखवतात रिकामे ताट कधी कोणी मांडले आहे का? बायका अपशकुन म्हणतील. शिवाय दुसरी भीती आहे. रत्नाबाईंची चिकूची वाडी तारापूरच्या नव्या अणुवीज केंद्राच्या कुंपणात गेली. तो विषय आईपुढे काढू नका, असे जावईबापू नामदेवरावांनी बजावले आहे. अशा बाईपुढे तारापूरच्या नावाचे रिकामे ताट ठेवले तर सुलूची शाळा तर जाईलच, वर जन्माचे टोमणे. मी त्यात नारळ ठेवणार आहे.

वहिनींचे ऐका आणि शिडीपासून लांब राहा. माया आहे तशीच राहू द्या.

तुमची मंदा

पालघर, २३ एप्रिल

चि. सौ. मंदास आशीर्वाद.

नारळ ठेव. वाडीचा विचार माझ्या मनास शिवला नव्हता. माझ्या ग्रंथांत ती नव्हती. तुझी वहिनी म्हणते की ग्रंथांत मीही नाही, तरी दोन वेळा वाढावे लागतेच.

स्नेहाकांक्षी, दादा

बोईसर, ९ मे

ती. दादांस मंदाचा नमस्कार.

लग्न पार पडले. आता मुख्य वृत्तांत सांगते. मी ठेवलेला नारळ सुलूने ऐन वेळी उचलला. वर्गात पोरांना एक सांगायचे आणि मांडवात दुसरे दाखवायचे, हे तिला जमणार नाही म्हणाली.

रत्नाबाई आल्या. दुभंगलेल्या करंजीचा कोपरा मोडून खाल्ला आणि खुसखुशीत हाय एवढे म्हणाल्या. मग रिकाम्या ताटापाशी थांबल्या. त्यांना वाचता येत नाही, म्हणून चिठ्ठी सुलूनेच मुंडावळ्या सावरत वाचून दाखवली. मंग तवा आमच्याकडं काय घडलंच नाय का, आमचे म्हातारे काय झोपले व्हते, असे त्यांनी विचारले. सुलू म्हणाली की घडले असणार, पण लिहून ठेवणारे कोणी नव्हते.

दादा, बाई तिथेच सतरंजीवर बसल्या आणि वाडीबद्दल बोलू लागल्या. नवी नवरी असताना लावलेले झाड, विहिरीचे गोड पाणी, निघायच्या दिवशी कच्चे चिकूसुद्धा कसे उतरवून घेतले, सगळे सांगितले. नामदेवराव तोंडात बोट घालून ऐकत होते. पंगत खोळंबली, वरण निवले, पण कोणी उठेना. शेवटी त्यांनी पिशवीतून पाच चिकू काढून ताटात मांडले. जुन्या झाडाचे कलम नव्या अंगणात लावले होते, त्याची ही पहिली फळे. मग सर्वांदेखत लेकाला बजावले की हे समदं सुनेनं लिहून ठेवायचं हाय, शाळा सुटली तर तिची लिहायची सवय मोडेल, तवा ती शाळेत जाईल, आणि रांधायचं मी बघीन.

सोंड अखेर पडलीच. व्याह्यांनी खाल्ली.

जीव लावता तसाच लावत राहा.

मंदा

पालघर, २७ मे

चि. सौ. मंदास आशीर्वाद.

प्लास्टर निघाले. चिकू पोहोचले, तुझ्या वहिनीने मला दोन दिले, हे औदार्यच. सुलूने लिहिलेले पहिले पानही आले. रत्नाबाईंच्या विहिरीचे पाणी भर वैशाखातही गोड असे, एवढाच मजकूर. खाली सासूबाईंचा अंगठा. माझी ‘नोंद उपलब्ध नाही’ ही चिठ्ठी मी विधिपूर्वक रद्द करीत आहे. तारापूरचे शके ९७६ अद्याप कोरेच असले तरी आरंभ झाला.

ते पान कोप्पमच्या लढाईशेजारी ठेवले आहे. चोळ राजाने सरकून जागा दिली.

तुझा दादा