विरजणाची नळी

प्रिय सौमित्र,

गेल्या आठवड्यातला तुझा मेसेज वाचला होता, उत्तर मुद्दामच दिलं नाही. वागळे इस्टेटमधल्या तुझ्या नव्या कंपनीत आपले जिवाणू प्लास्टिकवर वाढत नाहीत, साखर घातली की मात्र फोफावतात, आणि पैसे लावणारे लवकरच बघायला येणार. वाचून मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?

कोलशेतच्या लॅबमध्ये त्यांना नवी जनुकं दिल्यावर आपण काय केलं, आठवतं ना? पाण्याच्या बाटल्या विरघळवून निघणारा रस रोज थोडा जास्त, साखर रोज थोडी कमी. बहुतेक मेले. उरले ते त्या रसावर जगायला शिकले. मलाही तू तसंच हळूहळू तोडलंस. आधी रोज फोन, मग एक दिवसाआड, मग नुसते गुड मॉर्निंगचे फोटो. दर्शनाशी तुझा साखरपुडा झाल्याचं मला कँटीनमध्ये कळलं, आणि त्याच आठवड्यात तू राजीनामा देऊन फ्रीजमधली नळी घेऊन गेलास.

नळीवर माझ्या अक्षरात ‘विरजण’ लिहिलं होतं. तुला वाटलं, हेच तयार झालेलं, पुढच्या खेपेला लावायचं. अरे, मी विरजण म्हणायचे ते ज्यांच्यापासून सुरुवात केली त्या साखरखाऊ जिवाणूंना. प्लास्टिकवर जगणारे शेजारच्या नळीत होते, तिच्यावर ‘दही’ लिहिलं होतं. ती तू माझ्या डब्यातली समजून बाजूला सारली असशील. इतकी वर्षं शेजारी बसलास, पण मी कशाला काय म्हणते हे एकदाही विचारलं नाहीस.

काल संध्याकाळी तुझा फोन आला. दर्शनाशी मोडलं म्हणालास, माझ्याशिवाय करमत नाही म्हणालास, रविवारी डोंबिवलीला येऊन आईशी बोलतो म्हणालास. मला रडू आलं, तेही तू ऐकलंस. आणि फोन ठेवता ठेवता, खऱ्या जिवाणूंची एक नळी काढून ठेव म्हणालास. आज सकाळी मी लॅबमध्ये गेले आणि ते सगळे, डीप फ्रीझरमधल्या साठ्यासकट, निर्जंतुक करायच्या कुकरमध्ये घालून शिजवून टाकले. माझी पीएचडीही त्यातच गेली. तू निघण्याआधी तुला हे कळावं म्हणून लिहितेय. आता माझ्याकडे तुझ्या कामाचं काहीही उरलेलं नाही. आईला तू येणार असल्याचं सांगितलंय, ती सकाळपासून घर आवरतेय. ये रविवारी.

तुझीच,
हेमांगी